जुन्या ट्रॉलरचे इंजिन: नोझल-पंपाची दुरुस्ती की पूर्ण ओव्हरहॉल?

पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, कोकणातल्या नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात आणि बहुतेक मालक इंजिनाचा निर्णय तेव्हाच घेतात. माझ्या मते तो मे महिन्यातच, नौका पाण्यात असताना घ्यायला हवा. कारण भार नसताना सुरळीत चालणारे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन जाळे ओढताना मात्र दम सोडते आणि नेमका तोच दोष किनाऱ्यावर दिसत नाही.

पहिल्या पर्यायात नोझल (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारा भाग) तपासून घेणे, डिझेल पंप कॅलिब्रेशनला, म्हणजे डिझेलचे प्रमाण जुळवून घ्यायला, देणे आणि टाकी, नळ्या व फिल्टर स्वच्छ करणे एवढे काम येते. ते थोड्या दिवसांत होते आणि इंजिन जागेवरच राहते. पूर्ण ओव्हरहॉलमध्ये लायनर, पिस्टन, रिंगा व बेअरिंगे बदलली जातात, गरजेप्रमाणे क्रँक (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) ग्राइंड केला जातो, त्यासाठी सहसा इंजिन उचलून बाहेर काढावे लागते आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो. तरीही धूर दिसताच थेट ओव्हरहॉल ठरवले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण धुराचा रंग आणि त्याची वेळ पाहिली तर पुष्कळ उलगडा होतो.

भार पडल्यावर काळा धूर येत असेल, तर डिझेल जास्त जाते आहे, हवा कमी पडते आहे किंवा इंजिनावर ताकदीबाहेरचा भार आहे. यातले तिसरे कारण सर्वांत स्वस्तात तपासता येते: पंख्यावर (प्रोपेलरवर) बार्नेकल, म्हणजे चिकटून वाढणारे शिंपले, चढले आहेत का, दोरी गुंतली आहे का, हे आधी पाहावे. धूर न येता काही वेळाने फेरे घटत असतील आणि थांबल्यावर इंजिन पुन्हा सावरत असेल, तर ते बहुधा डिझेलसाठी उपाशी आहे. फिल्टर, टाकीतील पाणी व गाळ, टाकीची बुजलेली हवेची नळी आणि हवा ओढणारे सैल जोड तपासावेत. या दोन्ही लक्षणांत इंजिन खोलण्याची घाई करू नये.

सकाळी थंड इंजिनाचा पांढरा धूर आणि एखादा सिलिंडर न चालणे, हे लक्षण मात्र दोन्ही पर्यायांकडे बोट दाखवते आणि इथेच खरी परीक्षा असते. संथ चालत्या इंजिनात एकेका नोझलच्या नळीचा नट किंचित सैल करावा. जिथे आवाज बदलत नाही, तो सिलिंडर दुबळा. (उच्च दाबाच्या डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते, म्हणून हात दूर ठेवावा आणि चष्मा घालावा.) मग इंजिन बंद करून त्या सिलिंडरचे नोझल शेजारच्याशी अदलाबदल करावे. दोष नोझलबरोबर सरकला, तर पहिला पर्याय पुरेसा आहे. जागेवरच राहिला, तर त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. दोष एखाद्या व्हॉल्व्हपुरता निघाला, तर केवळ हेडचे (सिलिंडरांवरील झाकणाचे) काम करून भागते.

इंजिन तापल्यावरही निळसर धूर, ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातील हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) जोराने येणारी वाफ, सतत घटणारे ऑइल आणि सगळ्याच सिलिंडरांचे घसरलेले कॉम्प्रेशन ही लक्षणे एकत्र दिसली, तर नोझल-पंपावर केलेला खर्च वाया जातो. तेव्हा ओव्हरहॉलच योग्य. ऑइल दुधाळ झाले असेल, तर पाणी कुठून शिरते हे सापडेपर्यंत इंजिन चालवू नये.

ट्रकचे जुने इंजिन आणून बसवण्याचा तिसरा मार्ग मी सहसा सुचवत नाही, कारण समुद्राच्या पाण्यावर चालणारी शीतयंत्रणा, पाण्याने थंड होणारा एक्झॉस्ट आणि गिअरबॉक्स-पंख्याचा मेळ साधताना स्वस्ताई संपते.

ओव्हरहॉल ठरले, तर शाफ्टच्या अलाइनमेंटसाठी, म्हणजे इंजिन आणि पंख्याचा दांडा एका रेषेत आणण्यासाठी, दिवस राखून ठेवावेत. लाकडी नौका पाण्यात उतरल्यावर तिचा आकार किंचित बदलतो, म्हणून कपलिंगच्या (इंजिन व शाफ्ट जोडणाऱ्या सांध्याच्या) दोन चकत्यांमधील फट नौका तरंगत असतानाच फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) चारही बाजूंनी मोजावी. ५ इंच व्यासाच्या कपलिंगला या चार मापांतला फरक सुमारे ०.१३ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावा.