पिअर्स आणि अमेरिकन लाफ्रान्स: मालक बदलले, पुढे काय?

अमेरिकेतल्या या दोन आगीचे बंब बांधणाऱ्या कंपन्या. 1990च्या दशकात वर्षभराच्या अंतराने दोन्ही मोठ्या ट्रक कंपन्यांच्या हाती गेल्या.

विस्कॉन्सिनमधली पिअर्स 1996 मध्ये ऑशकॉशने घेतली. नवा मालक शेजारच्याच गावचा, आणि स्वतः लष्करी ट्रक नि विमानतळाचे बंब बांधणारा. कारखाना ॲपलटनलाच राहिला. तिथलं एवढंच, पण माझ्या मते तेच निर्णायक.

लाफ्रान्सची मुळं 1873 पर्यंत जातात. 1966 मध्ये ती फिगी या उद्योगसमूहाकडे गेली, 1985 मध्ये न्यूयॉर्क राज्यातलं एल्मायरा सोडून व्हर्जिनियात हलली. 1995 मध्ये फ्राइटलायनर या ट्रक कंपनीने घेतली, 2005 मध्ये पेट्रियार्क या गुंतवणूक कंपनीला विकली. मग दक्षिण कॅरोलायनात नवा कारखाना आणि सोबत नवी संगणकप्रणाली. सुटे भाग वेळेत मिळेनात, तयार बंब अडकून पडले. जानेवारी 2008 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. त्यातून ती सावरली खरी, पण जानेवारी 2014 मध्ये टाळं लागलं.

बंब वीस-वीस वर्षं चालतो. म्हणून मला काळजी वाटते ती लाफ्रान्सचे बंब घेतलेल्या छोट्या गावांची: कारखाना बंद झाला तरी आग विझवायला त्यांना तोच बंब काढावा लागतो.