लायनफिश की काटेरी पफर?
खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी शिकारी मासा निवडताना बहुधा या दोघांपाशीच मन अडकते. लायनफिश पंख्यासारखे पर पसरून कोळंबीला कोपऱ्यात रेटतो आणि क्षणात गिळतो. मात्र त्याच्या पाठीवरचे काटे विषारी असल्याने टाकीत हात घालताना सावध राहावे लागते, आणि काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून डॉक्टर गाठावा लागतो. पफर रोज खाऊ घालणाऱ्याला ओळखतो, काचेपाशी येऊन डोळे फिरवत अन्न मागतो, प्रसंगी तोंडाने पिचकारीही मारतो. त्याचे दात आयुष्यभर वाढत असल्याने ते झिजवण्यासाठी तिसऱ्या (शिंपल्या) कवचासकट द्याव्या लागतात, आणि घाणही तो (अगदी मोकळ्या मनाने) करतो. तरी माझे मत पफरलाच. लहान टाकीत मात्र दोघेही नकोत, कारण दोघेही फूटभर वाढतात.