फायबरग्लासचा तयार स्विमिंग पूल: शेल चांगलं, कस लागतो तो खड्ड्याचा

कारखान्यात एकसंध बनून येणारं फायबरग्लासचं शेल, म्हणजे पूलचं तयार भांडं, हे घरगुती पूलसाठी खरोखर चांगलं उत्पादन आहे. पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने शेवाळ सहज धरत नाही. सिमेंटच्या पृष्ठभागातून चुना सुटतो आणि पाण्याचा पीएच वर चढत राहतो, तसं इथे होत नाही. ‘एका दिवसात पूल’ ही जाहिरात मात्र अर्धीच खरी आहे. एका दिवसात शेल क्रेनने खाली उतरतं, एवढंच. खोदाई, पाइप, भराव, कडेचं काँक्रीट आणि फरशी धरून दोन ते चार आठवडे लागतात. काँक्रीटच्या पूलला महिने जातात, तेव्हा हा काळ थोडाच आहे, पण घाई याच काळात होते आणि पुढची बहुतेक दुखणी तिथूनच सुरू होतात.

आधी शेल कसं तपासायचं ते पाहू. पाण्याच्या बाजूचा रंगीत थर, म्हणजे जेलकोट, साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. त्याच्या लगेच मागचा थर कोणत्या रेझिनचा (काचतंतूंना धरून घट्ट होणाऱ्या राळेचा) आहे, हे लेखी मागून घ्यावं. तो व्हिनाइल एस्टरचा हवा. तिथे साधं पॉलिएस्टर वापरलं असेल, तर जेलकोटमधून हळूहळू झिरपणारं पाणी आत साठतं आणि काही वर्षांनी पृष्ठभागावर फोड येतात. वरून रंग मारून ते जात नाहीत. घासून, वाळवून पुन्हा थर द्यावे लागतात. शेलच्या पाठीमागे रेझिन न पोहोचलेले पांढरट, कोरडे तंतू दिसले तर माल परत पाठवावा. रुंदीला रस्त्याची मर्यादा असते, म्हणून पाच मीटरहून रुंद शेल सहसा मिळत नाही. क्रेन खड्ड्यापर्यंत पोहोचते का आणि वर विजेच्या तारा आहेत का, हे मागणी नोंदवण्याआधीच बघायला हवं.

आता खड्डा. चारी बाजूंनी शेलपेक्षा किमान ३० सेंटिमीटर मोठा खणावा आणि तळाला १० ते १५ सेंटिमीटर बारीक खडीचा थर लेझर लेव्हलने सपाट करावा. इथे हयगय चालत नाही. पाणी नेहमी समपातळीत राहतं, त्यामुळे आठ मीटर लांबीत दोन सेंटिमीटरचा फरक पडला तरी कडेच्या टाइल्सशेजारी तो कायम डोळ्यांत खुपतो. तळ कुठे पोकळ राहिला तर पायाखाली लवचिक लागतो, पुढे जेलकोटला कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात. पायऱ्या आणि बसायच्या कट्ट्याखालची जागा तर हमखास रिकामी राहते; तिथे खडी हाताने सारून भरावी लागते.

शेल आणि खड्ड्याच्या मधल्या जागेचा भराव खणलेल्या मातीने करू नये. चिकणमाती भिजली की फुगते आणि शेलची भिंत आत ढकलते. वाळूही आम्ही सुचवणार नाही, कारण पाइप कुठे गळला तर ती वाहून जाते आणि भिंतीचा आधार सुटतो. ६ ते १२ मिलिमीटरची स्वच्छ खडी सर्वांत भरवशाची. आत पाणी आणि बाहेर खडी एकाच वेळी चढवायची, साधारण ३०-३० सेंटिमीटरच्या टप्प्यांनी. पाणी खूप पुढे गेलं तर भिंत बाहेर फुगते, खडी पुढे गेली तर आत येते. लांब सरळ भिंतीवर हा बाक एकदा बसला की सरळ करणं जवळजवळ अशक्य. वर पोहोचल्यावर शेलच्या कडेला सळया बांधून काँक्रीटचा पट्टा ओतायचा.

कोटेशनमध्ये एक वस्तू हमखास गाळलेली असते: कोपऱ्यात उभा बसवलेला, खालून छिद्रं असलेला १५० मिलिमीटरचा पाइप. तो तळाच्या खडीपासून जमिनीच्या वरपर्यंत येतो. भूजल किती चढलंय ते त्यातून दिसतं आणि पंप सोडून उपसताही येतं. हा पाइप का हवा, ते साध्या हिशेबाने कळेल. सात बाय साडेतीन मीटरच्या तळाखाली भूजल फक्त १० सेंटिमीटर चढलं, तरी वर ढकलणारा जोर सुमारे अडीच टन होतो. रिकाम्या शेलचं वजन एक टनाच्या आसपास असतं. म्हणून पाइपात पाण्याची पातळी बघितल्याशिवाय हा पूल कधीही रिकामा करायचा नाही, साफसफाईसाठीसुद्धा नाही.

पाइपिंगमध्ये काटकसर परवडत नाही. ४५,००० लिटरचं पाणी सहा तासांत एकदा फिल्टरमधून जायला ताशी ७.५ घनमीटर प्रवाह लागतो. ५० मिलिमीटरच्या पाइपात तो जेमतेम बसतो. ६३ मिलिमीटरच्या पाइपात घर्षण सुमारे एक तृतीयांशावर येतं, आणि पंप लहान चालतो. वाळूचा फिल्टर ५०० मिलिमीटर व्यासाचा पुरतो, पण ६०० चा घेतला तर पाणी अधिक स्वच्छ राहतं. तळाला शोषण ठेवायचं असेल तर दोन जाळ्या, एकमेकींपासून किमान एक मीटर अंतरावर. एकच जाळी असली आणि ती अंगाने झाकली गेली, तर माणूस खाली खेचलेला राहू शकतो. स्किमरसाठी, म्हणजे पाण्यावर तरंगणारा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या तोंडासाठी, जागेवर भोक पाडलं की कापलेली कड रेझिनने बंद करूनच गॅस्केट (गळती रोखणारी चकती) बसवावी. भराव चालू असताना पाइपात दाब धरून ठेवायला सांगा. खडीने जोड सरकला तर गेजचा काटा लगेच पडतो.

पहिलं पाणी बोअरचं असेल तर भरण्याआधी लोह तपासून घ्यावं. क्लोरीन पडताच विरघळलेलं लोह तपकिरी होतं आणि फिकट जेलकोटवर डाग धरतं.

वॉरंटीचा कागद नीट वाचा. शेलवर दीर्घ मुदत आणि बसवण्याच्या कामावर काहीच नाही, अशी मांडणी सर्रास दिसते. भराव आणि लेव्हलची जबाबदारी जो लेखी घेत नाही, त्याच्याकडून शेल घेऊ नये. ज्या जागी पावसाळ्यात खड्ड्यात पाणी उभं राहतं आणि ते काढून द्यायला उतार नाही, तिथे वजनदार काँक्रीटचा पूलच बरा.