रायझन ७ ७८००एक्सथ्रीडी प्रोसेसर : आठ महिने वापरल्यावर

पुण्यातल्या बुधवार पेठेतल्या दुकानदाराने आधी विचारलं, "काम काय करता?" म्हटलं, बिल्डर लोकांना थ्रीडी वॉकथ्रू, म्हणजे न बांधलेल्या इमारतीत फिरवून आणणारे व्हिडिओ, करून देतो, रात्री गेम खेळतो. "मग बारा कोरचा ७९००एक्स न्या, पैसे जवळपास तेवढेच." पण मी महिनाभर व्हिडिओ बघून शहाणा झालो होतो ना! आठ कोरचा (कोर म्हणजे चिपमधला स्वतंत्र काम करणारा भाग) हा ७८००एक्सथ्रीडीच घेतला.

गेममध्ये नाव ठेवायला जागा नाही. याच्या साध्या भावंडात, ७७०० मध्ये, एलथ्री कॅश (प्रोसेसरच्या आतलीच वेगवान मेमरी) ३२ एमबी, यात ९६. मिसळणाचा डबा ओट्यावरच असला की दर फोडणीला कोठीत जावं लागत नाही, तसं रॅमकडे हेलपाटे कमी. फ्लाइट सिम्युलेटरमध्ये मोठ्या विमानतळावर उतरताना जुन्या मशीनवर चित्राला बसणारे झटके पार गेले. बाकीच्या गेममध्ये मात्र खरं सांगायचं तर फरक कळत नाही. माझा मॉनिटर १४४०पी (उभ्यात १४४० ठिपक्यांचा), ग्राफिक्स कार्ड ८ जीबीचं, मधल्या फळीतलं. ते कायम ९९ टक्क्यांवर आणि प्रोसेसर निवांत. व्हिडिओवाले सर्वात महागडं कार्ड लावून कमी ठिपक्यांच्या १०८०पीवर मोजतात, म्हणजे कार्ड अडत नाही, कारण त्यांना प्रोसेसरच तपासायचा असतो. हे मला बिल फाडल्यावर उमगलं.

दुखणं आहे ते रेंडरचं, म्हणजे थ्रीडी सीनमधून एकेक चित्र काढण्याचं. सोसायटीच्या बागेत झाडं, गवत टाकलं की ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधला सीन कार्डाच्या मेमरीत मावत नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. तिथे कॅशला फारसं कोणी विचारत नाही. जितके कोर, तितके हात. दहा सेकंदांचा शॉट म्हणजे २४० फ्रेम. फ्रेमला साडेचार मिनिटं, म्हणजे १८ तास. एकदा सोळाव्या तासाला वीज गेली, यूपीएसने दहा मिनिटांत मान टाकली. नशीब, फ्रेम सुट्या पीएनजी चित्रांत सेव्ह करतो. थेट व्हिडिओ काढत असतो तर रडलोच असतो.

वीज मात्र बेताने खातो. कागदावर १२० वॉट, गेममध्ये त्याहून बराच कमी. ७९००एक्स कागदावरच १७० चा. साधा टॉवर कूलर पुरतो. एप्रिलमध्ये सिंहगड रोडच्या वरच्या मजल्यावर रेंडर लावला की ८५ अंशांच्या आसपास जातो. याची मर्यादा ८९, त्यामुळे घाबरत नाही, फक्त पंख्याचा आवाज घरच्यांच्या कानावर येतो.

मदरबोर्ड एएम५ सॉकेटचा (प्रोसेसर बसवायच्या खाचेचा प्रकार) असल्याने बोर्ड, रॅम तेच ठेवून नुसती चिप बदलता येईल. ही जुनी घेतोस का, असं भाच्याला विचारलंय. तो निम्म्या किमतीला मागतोय, वर कूलरही हवाय म्हणतो.