काचेचा टेलिप्रॉम्प्टर: क्लासच्या खोलीत चालेल, बांधावर नाही

टॅबलेट आडवा ठेवायचा, त्यावर ४५ अंशांत काच आणि काचेमागे काळ्या कापडाच्या हूडमध्ये कॅमेरा. टॅबलेटवर सरकणारा मजकूर काचेत दिसतो आणि बोलणारा लेन्सकडे बघतच तो वाचतो. या बेतातले टेलिप्रॉम्प्टर आता लातूरच्या क्लासेसपासून नांदेड-परभणीच्या यूट्यूब बातमीपत्रांपर्यंत दिसायला लागलेत. तक्रार बहुतेकांची एकच असते: सर वाचतायत हे लगेच कळतं. यात यंत्राचा दोष थोडा, मांडणीचा आणि मजकुराचा जास्त.

खरे पैसे काचेचे असतात. ७०/३० ची काच म्हणजे ७० टक्के उजेड आरपार जातो आणि ३० टक्के परावर्तित होतो. कॅमेऱ्याला साधारण अर्धा स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) उजेड कमी मिळतो, तेवढा दिव्यांनी भरून काढा. पैसे वाचवायला खिडकीची साधी काच बसवली, तर तिच्या दोन्ही पृष्ठभागांवरून प्रतिबिंब येतं आणि प्रत्येक अक्षराला सावली पडते. कोटिंगची, म्हणजे परावर्तन करणाऱ्या पातळ थराची, बाजू टॅबलेटकडे हवी. ती ओळखायला पेन्सिलचं टोक काचेला हलकेच टेकवा: टोक आणि त्याचं प्रतिबिंब भिडलं तर ती कोटिंगची बाजू, मध्ये फट दिसली तर उलटी. धूळ आधी ब्लोअरने उडवा, मगच मायक्रोफायबर फिरवा. उपरण्याने खसाखसा पुसलेली काच कायमची ओरखडते.

मजकूर सरकवणाऱ्या ॲपमध्ये ‘मिरर’ चालू करा, म्हणजे काचेत अक्षरं सुलटी दिसतील. तरीही ओळी खाली डोकं वर पाय दिसल्या तर टॅबलेट १८० अंशांत फिरवा. मोबाइलने शूट करत असाल तर वाइड लेन्स टाळा, हूडच्या कडा चौकटीत येतात. २ एक्स लेन्स वापरा. फोकस चेहऱ्यावर लॉक करा, नाहीतर तो मध्येच काचेवरच्या धुळीवर जाऊन बसतो.

बोलणारा दीड मीटरवर बसला की बुबुळं डावी-उजवीकडे पळताना स्पष्ट दिसतात. अडीच मीटरवर बसवा, अक्षर मोठं करा आणि ओळीत चार-पाचच शब्द ठेवा. वाचायची ओळ लेन्सच्या समोर यायला हवी, पडद्याच्या तळाशी नाही.

मराठी मजकुराचं दुखणं वेगळंच. कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टांत टाइप केलेलं थेट चिकटवलं तर पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी येते. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. ओळींमधलं अंतर दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकतो. आकडे अक्षरी लिहा. २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव ‘४,८९२’ असा दिसला की वाचणारा हमखास क्षणभर थबकतो. ‘चार हजार आठशे ब्याण्णव’ सरळ वाचून होतं. आणि ‘सदर योजनेअंतर्गत लाभार्थ्यांना’ असलं सरकारी मराठी कोणतंही यंत्र बोलकं करून देणार नाही. वाक्य दहा-बारा शब्दांत तोडा.

सोबत येणारा ब्लूटूथ रिमोट कामचलाऊ आहे. बोलणाऱ्यानेच तो दाबत बसण्यापेक्षा वेग सांभाळायला दुसरं माणूस बसवा. विंगेतला प्रॉम्प्टर नटाचा श्वास पाहून शब्द देतो, तसं त्याने बोलणाऱ्याकडे बघत मजकूर सरकवायचा. एकाच ठरावीक वेगावर सोडलं तर माणूस यंत्रामागे धावतो. टॅबलेट फ्लाइट मोडवर टाकून फक्त ब्लूटूथ चालू ठेवा, नाहीतर ऐन वाक्यात व्हॉट्सॲपचा मेसेज ओळीवर येऊन बसतो.

शेतात, मंडईत किंवा गडावर हा नेऊ नका. उन्हात ३० टक्के परावर्तन पुरत नाही, अक्षरं फिकी पडतात. वाऱ्याने हूड फडफडतो आणि त्याचा आवाज माइकमध्ये येतो. शिवाय ॲपल आयपॅड वापरायला ३५ अंशांपर्यंतचं तापमान सांगतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तापलेला टॅबलेट आपणच उजेड कमी करतो. पत्र्याच्या खोलीतही हेच होतं. रेकॉर्डिंगला पंखा बंद ठेवावा लागतो, म्हणून उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत काम उरका.

रोज बसून शिकवणाऱ्याने किंवा बातम्या देणाऱ्याने जरूर घ्यावा. फळ्यासमोर फिरत शिकवणाऱ्याला निरुपयोगी, कारण नजर लेन्सवरून हटली की ओळ गेली. ऑर्डर देण्याआधी दोन गोष्टी विचारा: आपला टॅबलेट कव्हरसकट ट्रेमध्ये बसतो का, आणि काच फुटली तर तेवढीच वेगळी मिळते का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तर दुसरा विक्रेता बघा.