रियेकामधील भाड्याचे घर: आगाऊ पैसे भरण्यापूर्वी वाचावे

क्रोएशियाच्या किनाऱ्यावरील रियेका हे बंदर स्प्लिट किंवा दुब्रोवनिकसारखे पर्यटकांनी गजबजलेले नसते. फियुमे या जुन्या नावाने ते पहिल्या महायुद्धापर्यंत हंगेरीचे प्रमुख बंदर होते, १८६६ मध्ये स्वतःच्या बळावर पाण्याखालून धावणारा टॉर्पेडो येथेच तयार झाला, आणि १९१२ मध्ये टायटॅनिकच्या प्रवाशांना वाचवणारे कार्पेथिया जहाज न्यूयॉर्कहून याच बंदराकडे निघाले होते. पुढे राज्यकर्ते बदलत गेले, जुने कारखाने एकेक करून बंद पडले आणि रंग उडालेल्या, उंच छतांच्या इमारती तेवढ्या उरल्या. अशा इमारतीतील घर स्वस्तात मिळते यात संशय घेण्यासारखे काही नसते, आणि आम्हाला ज्याने लुबाडले त्याने नेमका याच गोष्टीचा फायदा उठवला.

राब आणि त्स्रेस बेटांकडे जाणाऱ्या बोटी रियेकाहून सुटतात, म्हणून आम्ही तेथे मुक्काम ठरवला. एका नावाजलेल्या आरक्षण संकेतस्थळावर कोर्झो या मुख्य रस्त्याजवळचे घर दिसले. मालक म्हणवणाऱ्या माणसाने अत्यंत सभ्य भाषेत कळवले की संकेतस्थळाचे कमिशन वाचवून तेवढी सूट तो आम्हाला देईल, मात्र पूर्ण भाडे बँकेतून थेट पाठवावे लागेल. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन या युरोपीय देशांच्या सामाईक व्हिसा क्षेत्रात आहे आणि भारतीयांना व्हिसाच्या अर्जासोबत राहण्याच्या सोयीचा पुरावा जोडावा लागतो, हे त्याला पक्के ठाऊक होते. अर्जाची तारीख जवळ येताच त्याने सांगितले की सही-शिक्क्याचे पत्र पैसे पोहोचल्यावरच मिळेल. पत्र खरोखर आले, ते अर्जाला जोडले गेले आणि व्हिसाही मिळाला. त्यामुळे संशयाला जागाच उरली नाही. या फसवणुकीतला सर्वांत क्रूर भाग मला हाच वाटतो, कारण व्हिसा हातात पडला की माणूस घराबद्दलही निश्चिंत होतो.

प्रत्यक्षात इमारत होती, पत्ताही बरोबर होता, पण दारावरील घंटांच्या पाट्यांमध्ये त्या मालकाचे नाव नव्हते. त्या मजल्यावर कित्येक वर्षे राहणाऱ्या एका आजींनी, शेजारच्या विद्यार्थ्याच्या मदतीने, आम्हाला सांगितले की असेच पत्र घेऊन आणखी एक कुटुंब त्यांच्या दाराशी येऊन गेले होते. त्यांनी आम्हाला आत बसवून पाणी दिले आणि पोलीस ठाण्याचा रस्ता समजावून दिला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

त्यांच्याकडून कळलेली एक गोष्ट तेथे जाणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल. पर्यटकांना अधिकृतपणे भाड्याने दिल्या जाणाऱ्या घराच्या प्रवेशद्वाराशी त्याचा प्रकार आणि दर्जा दाखवणारी निळी पाटी असते, आणि पाहुणा आल्यावर चोवीस तासांच्या आत मालकाला त्याची नोंद ईव्हिझिटर या सरकारी प्रणालीत करावी लागते. पैसे पाठवण्याआधी त्या पाटीचे छायाचित्र आणि घराच्या परवानगीचा कागद मागावा. खरा मालक तो बिनतक्रार देतो. खात्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांकही नीट पाहावा. क्रोएशियातील बँकेचा क्रमांक एच आणि आर या अक्षरांनी सुरू होतो. आम्हाला दिलेला दुसऱ्याच देशातला होता, आणि खाते परदेशी नोकरी करणाऱ्या बहिणीचे आहे, असे त्याचे उत्तर तयार होते.

क्रेडिट कार्डाने, संकेतस्थळाच्या आतच पैसे भरले असतील तर व्यवहाराला हरकत घेता येते. बँकेतून थेट गेलेली रक्कम परत मिळवणे फार अवघड असते. म्हणून शंका येताच त्याच क्षणी आपल्या बँकेला रक्कम परत मागवण्याची लेखी विनंती करावी आणि भारतात १९३० या सायबर मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी. क्रोएशियात पोलिसांचा क्रमांक १९२ आहे. तेथील तक्रारीची लेखी पोच घेतल्याशिवाय परतू नये, कारण आमच्या बँकेने सर्वांत आधी तीच मागितली.

आमचे पैसे अद्याप परत आलेले नाहीत. त्या घराची छायाचित्रे मात्र, तीच हिरवी स्नानगृहाची फरशी आणि तोच खिडकीजवळचा पितळी दिवा यांच्यासह, आता शिबेनिक या क्रोएशियातील दुसऱ्या शहरातले घर म्हणून वेगळ्या मालकाच्या नावाने झळकत आहेत.