वायरचा पेसमेकर की बिनवायरचा? तरुण वयात निवड करणाऱ्यांसाठी

पंचविशीच्या आत पेसमेकर (विजेचे हलके झटके देऊन हृदयाचे ठोके चालू ठेवणारे यंत्र) बसवावा लागेल असे कळले की घरातली मंडळी आधी दोनच प्रश्न विचारतात: तो वरून दिसेल का, आणि लग्न जमवताना काय सांगायचे. सहा वर्षांपूर्वी यावल तालुक्यातल्या आमच्या घरीही हेच झाले. तेव्हा मी 23 वर्षांचा होतो, ‘कम्प्लीट हार्ट ब्लॉक’ (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा विद्युतसंदेश खालच्या कप्प्यांपर्यंत न पोहोचणे) निघाला होता आणि ठोके मिनिटाला 36 वर आले होते. हे प्रश्न चुकीचे नाहीत. मात्र केवळ त्यांच्या उत्तरावरून यंत्र निवडले, तर पुढच्या पन्नास-साठ वर्षांचा हिशेब राहून जातो.

वायरच्या पेसमेकरची डबी साधारण 20 ते 30 ग्रॅम वजनाची असते. ती छातीच्या वरच्या भागात, खांद्याजवळच्या आडव्या हाडाखाली, त्वचेच्या आत बसवतात आणि तिच्यातून निघणाऱ्या एक किंवा दोन वायर शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यांत जातात. बिनवायरचे यंत्र जेमतेम दोन-अडीच ग्रॅमचे, मोठ्या कॅप्सूलएवढे असते. जांघेतल्या शिरेतून नेऊन ते थेट हृदयाच्या खालच्या उजव्या कप्प्यात अडकवले जाते. छातीवर व्रण नाही, फुगवटा नाही, वायर नाही. तरुण माणसाला ते पाहताक्षणी आवडते आणि त्यात काही गैर नाही.

माझ्या मते निर्णय ज्यावर व्हायला हवा ती गोष्ट वेगळीच आहे: तुमच्या हृदयाला यंत्राची गरज किती वेळा पडणार आहे. दर सहा महिन्यांनी मी तपासणीला जातो, तेव्हा तंत्रज्ञ छातीवर सेन्सर ठेवतो आणि माझे स्वतःचे ठोके कितपत येतात हे पाहण्यासाठी यंत्राचा वेग हळूहळू खाली आणतो. 60, 50, 40. चाळिसाच्या खाली गेले की कानांत दडे बसतात, पंख्याचा आवाज लांब जातो, आणि मी काही बोलायच्या आत तो बटण दाबून वेग पूर्ववत करतो. त्यानंतर पडद्यावर आकडा येतो: खालच्या कप्प्याचे 99 टक्के ठोके यंत्राचे. दिवसाला साधारण एक लाख ठोके धरले, तर माझे यंत्र जवळजवळ लाखभर वेळा काम करते. ज्याचे हृदय एरवी नीट चालते आणि महिन्यातून एखाद्या वेळी काही सेकंद थबकते, त्याच्या यंत्राला एवढे काम पडतच नाही. या दोन माणसांना एकच सल्ला लागू पडत नाही.

यंत्र सतत काम करणार असेल, तर दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. पहिली म्हणजे वरच्या आणि खालच्या कप्प्यांचा ताळमेळ. वरचा कप्पा आकुंचन पावल्यावर क्षणभराने खालचा आकुंचन पावला पाहिजे. हा क्रम बिघडला तर दम लागतो, मानेत ठोके जाणवतात, लवकर थकवा येतो. दोन वायरचा पेसमेकर हा क्रम सांभाळतो आणि धावताना वरच्या कप्प्याचा वेग वाढला की खालच्या कप्प्यालाही त्याच्याबरोबर नेतो. एकट्या बिनवायरच्या यंत्रातील साधा प्रकार हे करू शकत नाही. वरच्या कप्प्याची हालचाल ओळखणारा सुधारित प्रकार 2020 साली आला, परंतु ठोके वेगवान झाले की त्याची ओळख चुकू लागते, आणि तरुण माणसाचे ठोके जिना चढताना, क्रिकेट खेळताना वेगवान होणारच. वर एक आणि खाली एक अशी एकमेकांशी संपर्क ठेवणारी दोन बिनवायरची यंत्रे बसवण्याच्या पद्धतीला अमेरिकेत 2023 साली मान्यता मिळाली. त्यात वरच्या कप्प्यातील यंत्राची बॅटरी तुलनेने लवकर संपते.

दुसरी गोष्ट मला 23 व्या वर्षी कोणीच सांगितली नाही आणि तिची खंत अजून आहे. खालच्या उजव्या कप्प्याला वर्षानुवर्षे एकाच टोकाकडून झटका मिळत राहिला, तर काही रुग्णांत डावा कप्पा कमजोर होतो आणि ‘पंपिंग’ (रक्त पुढे ढकलण्याची ताकद) उतरते. हा धोका कमी व्हावा म्हणून आता वायरचे टोक हृदयाच्या मूळ विद्युतमार्गाच्या डाव्या शाखेजवळ रोवतात. ही पद्धत 2017 पासून वैद्यकीय साहित्यात नोंदली गेली आणि नंतर झपाट्याने पसरली. यामुळे दोन्ही बाजू जवळजवळ एकाच वेळी आकुंचन पावतात. ती साधण्यासाठी वायर लागते. माझी वायर जुन्या जागी आहे, त्यामुळे दरवर्षी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून पंपिंगचा आकडा मी वहीत लिहून ठेवतो. तुम्ही अजून ऑपरेशनच्या टेबलावर गेलेले नाही. म्हणून ज्याला कायम यंत्रावर राहायचे आहे अशा तरुणाने वायरचा पेसमेकर घ्यावा, आणि डाव्या शाखेजवळ वायर बसवण्याचा अनुभव असलेला डॉक्टर शोधावा, असे मी स्पष्टपणे सांगेन.

वायरचे दोषही तितकेच खरे आहेत. रावेर-यावल पट्ट्यात केळीची कापणी म्हणजे 20-25 किलोचा घड खांद्यावर टाकून बांधापर्यंत नेणे, आणि माझा घड वाहण्याचा खांदा डावा, ज्या बाजूला सहसा पेसमेकर बसवतात. खांद्याजवळचे हाड आणि पहिली बरगडी यांच्या फटीत वायर चेपत राहिली तर ती कालांतराने तुटू शकते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी डॉक्टरांना घडाविषयी सांगितले, तेव्हा त्यांनी उजवी बाजू निवडली. न सांगता गेलो असतो तर डबी डावीकडेच बसली असती. अंगाने सडपातळ असाल तर डबी स्नायूखाली बसवण्याविषयीही विचारा, कारण त्वचेखालची डबी बॅगच्या पट्ट्याला आणि कुशीवर झोपताना टोचते. पहिले चार ते सहा आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही आणि वजन उचलायचे नाही, म्हणून ऐन कापणीतली तारीख शक्य असल्यास टाळावी. बिनवायरच्या यंत्रात हे काही नाही. जांघेतली जखम भरली की आठवडाभरात माणूस बहुतेक कामांना लागतो.

जंतुसंसर्ग हा वायरचा सर्वांत मोठा धोका होय. डबीच्या जागी तो झाला, तर बहुधा डबी आणि वायर दोन्ही काढाव्या लागतात, आणि अनेक वर्षे शिरेला चिकटलेली वायर काढणे हे मोठ्या केंद्रातले, जोखमीचे काम आहे. ज्यांना आधी असा संसर्ग झाला आहे, ज्यांच्या शिरा बंद झाल्या आहेत किंवा जे डायलिसिसवर आहेत, त्यांच्यासाठी बिनवायरचे यंत्र हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. क्वचितच यंत्राची गरज पडणाऱ्या तरुणालाही मी तेच सुचवेन.

आता बॅटरीचा हिशेब. वायरच्या पेसमेकरची बॅटरी साधारण 8 ते 12 वर्षे चालते आणि बदलताना फक्त डबी नवी लागते. पंचविशीत बसवला तर सत्तरीपर्यंत चार-पाच वेळा ती जागा उघडावी लागेल, आणि प्रत्येक वेळी संसर्गाचा धोका पहिल्या वेळेपेक्षा थोडा अधिक असतो. शरीरात पूर्णपणे बसवलेला पहिला पेसमेकर 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्वीडनच्या आर्ने लार्सन यांना मिळाला. तो काही तासच चालला, पण पुढे एकूण 26 यंत्रे बदलत ते 86 वर्षांचे झाले. मला स्वतःला या आकड्याने फार धीर दिला. बिनवायरच्या यंत्राची बॅटरी कामानुसार दहा-बारा वर्षे किंवा त्याहून जास्त टिकते, मात्र संपल्यावर जुने यंत्र बहुधा आतच ठेवून शेजारी नवे बसवतात. साठ वर्षांत त्या कप्प्यात किती यंत्रे मावतील, हा प्रश्न विशीतल्या रुग्णाने विचारलाच पाहिजे. काही नव्या यंत्रांची रचना बाहेर काढता येईल अशी आहे. तुम्हाला सुचवलेले यंत्र त्यांपैकी आहे का, हे नावानिशी विचारून घ्या.

खर्चात दोघांची बरोबरी नाही. बिनवायरचे यंत्र कितीतरी पट महाग आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कायमस्वरूपी पेसमेकरचा समावेश आहे, पण कोणत्या प्रकाराला मंजुरी मिळेल हे भरती होण्यापूर्वी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून (योजनेच्या मदतनीसाकडून) पक्के करावे. तपासणीचे यंत्रही कंपनीगणिक वेगळे असते. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारला तुमच्या कंपनीच्या यंत्राची तपासणी होते की दर वेळी नाशिक, सुरत वा मुंबई गाठावी लागेल, याचा विचार आताच करा. मे महिन्याच्या 45 अंशांत एसटीने केलेली ती फेरी मला चांगली आठवते.

रोजच्या वागण्यात मात्र दोन्हींत फारसा फरक पडत नाही. मोबाइल यंत्रापासून 15 सेंटिमीटर लांब ठेवावा, इंडक्शन शेगडीपासून दोन फूट अंतर राखावे, वेल्डिंगच्या कामाला हात घालण्याआधी डॉक्टरांना विचारावे आणि कुंपणात सोडलेल्या विजेपासून दूर राहावे. विहिरीवरची मोटर मी रोज चालू करतो, फक्त स्टार्टरच्या पेटीवर छाती टेकवून उभा राहत नाही. एमआरआय आजच्या बहुतेक यंत्रांवर आधी सेटिंग बदलून करता येतो, पण त्यासाठी डबी आणि वायर दोन्ही त्या दर्जाच्या असाव्या लागतात. ऑपरेशननंतर मिळणाऱ्या कार्डावर तशी नोंद आहे ना, हे घरी निघण्यापूर्वी वाचून पाहा.